दिवाळीनंतरची हजेरी

उधना स्थानकापाशी मुंबईच्या मुख्य मार्गापासून वेगळा होऊन बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी गावे मागे टाकीत जो लोहमार्ग जळगावास पोहोचतो, त्यातील सुरत ते अमळनेर हा भाग ताप्ती व्हॅली रेल्वे नावाच्या कंपनीने १९०० च्या सुमारास वाहतुकीस खुला केला, तेव्हा खानदेशच्या काळ्या जमिनीतला कापूस या वाटेने सुरळीत बाहेर पडावा एवढीच अपेक्षा असावी; परंतु पुढे सुरतेत यंत्रमागांचे आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांचे जाळे पसरत गेले, इकडे कोरडवाहू शेतीचे वाटे पडत गेले, आणि त्याच वाटेने कापसामागोमाग कापूस पिकविणारी माणसेही निघाली. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतील क्वचितच एखादे गाव असे सापडेल की ज्यातले एखादे घर ‘सुरतेला’ नाही. सुरतेच्या आग्नेय अंगास, रेल्वेरुळांच्या पूर्वेकडे, मीठी खाडीच्या काठाने दाटीने वसलेले लिंबायत हे या स्थलांतराचे एक मोठे ठाणे होय. येथे ओडिशाचे, तेलंगणाचे, उत्तर प्रदेश आणि बिहारचे लोक आहेत, मुसलमानांचे मोठे मोहल्ले आहेत, मूळचे गुजराती आहेतच. तरीही खानदेशी माणसाला येथे परके वाटत नाही. या समाजाला राजकीय वजन नाही असेही कोणी म्हणू नये. २०१२ पासून लिंबायतच्या विधानसभा मतदारसंघातून संगीता पाटील निवडून येत आहेत, आणि लिंबायत ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात मोडते त्याचे प्रतिनिधी चंद्रकांत पाटील यांचा जन्मही जळगाव जिल्ह्यातलाच.

अशा या वस्तीतील प्राथमिक शाळा कशी आहे, तेथे मूल काय शिकते आणि त्याची निगा कशी राखली जाते, हा प्रश्न केवळ सुरतेच्या पालिकेचा नव्हे. खानदेशातील हजारो घरांचा तो घरगुती प्रश्न आहे.

सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून तीनशेहून अधिक शाळा चालविते, ही गोष्ट महाराष्ट्रातील पुष्कळ वाचकांस ठाऊक नसते, आणि सांगितली तर खरी वाटत नाही. पोटासाठी आलेल्या परप्रांतीय मजुराच्या मुलाला त्याच्या भाषेत शिकविण्याची एवढी मोठी व्यवस्था भारतातील फारच थोड्या नगरांनी केली असेल, आणि त्याचे श्रेय सुरतेला मोकळ्या मनाने दिले पाहिजे. प्रत्येक शाळेला एक क्रमांक असतो आणि बहुधा एखाद्या थोर पुरुषाचे अथवा स्त्रीचे नाव. एकाच इमारतीत सकाळच्या पाळीला एक शाळा आणि दुपारच्या पाळीला दुसरी, किंवा एका मजल्यावर मराठी आणि दुसऱ्यावर उर्दू, असा प्रकारही येथे नवलाचा नाही. या समितीचा कायदेशीर पाया १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमात आहे. म्हणजे सुरत आणि जळगाव हे दोन्ही जिल्हे ज्या काळी एकाच मुंबई इलाख्यात होते त्या काळची ती घडण आहे, आणि १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तरी शाळाखात्याच्या पुष्कळशा शिरस्त्यांत ते जुने घर अजून ओळखू येते.

सुरतेचा आणि मराठी शिक्षकाचा संबंध त्याहूनही जुना आहे. मराठीचे व्याकरण १८३६ मध्ये छापून प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे पुढे काही वर्षे सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापक होते, आणि तेथेच दुर्गाराम मेहताजी या गुजराती शाळामास्तराच्या सहवासात १८४४ साली त्यांनी मानवधर्मसभेच्या स्थापनेत भाग घेतला. पुढे १९२१ च्या असहकाराच्या काळात अहमदाबाद, नडियाद आणि सुरत या तीन नगरपालिकांनी सरकारी अनुदान नाकारून आणि सरकारी तपासनिसाला दार बंद करून आपल्या प्राथमिक शाळा राष्ट्रीय ठरविल्या. त्याबद्दल सरकारने या पालिका बरखास्त केल्या. शेजारचा नवसारी प्रांत बडोद्याच्या राज्यात होता, आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ पासून सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोखल्यांचे विधेयक मांडलेही गेले नव्हते. प्राथमिक शाळा ही गोष्ट या मुलुखात कधीच क्षुल्लक मानली गेलेली नाही, एवढे यावरून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखादी प्राथमिक शाळा चांगली की वाईट हे सामान्य पालक कशावरून ठरवितो? इमारत रंगविलेली आहे काय, फाटकावरची पाटी इंग्रजीत आहे काय, मुलाच्या गळ्यात टाय आहे काय, वर्गात पडद्यावर चित्रे दाखविणारे यंत्र आहे काय. सरकारही याहून फार निराळे वागत नाही. जून महिन्यात शाळाप्रवेशोत्सव होतो. गुजरातेत ही प्रथा २००३ पासून चालत आली आहे. मंत्री येतात, सनदी अधिकारी येतात, पहिलीतल्या मुलांच्या कपाळाला कुंकू लागते, दप्तरे वाटली जातात. त्या उत्सवाची मी थट्टा करीत नाही, कारण ज्या आईने स्वतः शाळा पाहिली नाही तिच्या मुलीचे असे सार्वजनिक स्वागत व्हावे यात मोठा अर्थ आहे. परंतु जूनमधील शाळा ही सणाच्या दिवशीचे घर असते. लिंबायतसारख्या वस्तीतील शाळेचा खरा कस लागतो तो दिवाळीनंतर.

त्याचे कारण वस्तीच्या जीवनक्रमात आहे. दिवाळीला माग बंद होतात, बाजार बंद होतो, आणि खानदेशी कुटुंबे चंबूगबाळे आवरून गावी जातात. शाळेची सुटी एकवीस दिवसांची. लाभपाचमेला गुजराती व्यापारी मुहूर्त करून गादीवर बसतो खरा, पण माग सर्वत्र एकदम सुरू होत नाहीत, आणि गावाकडे तर नेमका कापूस वेचणीचा हंगाम असतो. स्वतःचे दोन बिघे असोत वा परक्याच्या शेतावरची मजुरी असो, वेचणीला हात लागतात, आणि दहा वर्षांच्या मुलीचा हात काही लहान धरला जात नाही. कुटुंबप्रमुख सुरतेला परततो, आई आणि मुले महिनाभर मागे राहतात. अशीच दुसरी फूट आखाजीला पडते. अक्षय्य तृतीयेचा हा सण खानदेशात दिवाळीच्या तोलाचा, माहेरवाशिणींचा, आणि त्याला लागूनच लग्नसराई. म्हणून सुरतेतील मराठी शाळेच्या वर्गशिक्षकाने आपला हजेरीपट उघडला तर त्यात नोव्हेंबर-डिसेंबरच्या रकान्यांत जी रिकामी घरे दिसतात, ती आळसाची किंवा अनास्थेची नसून एका प्रचंड श्रमव्यवस्थेच्या हालचालीची नोंद असते.

या रिकाम्या घरांकडे शाळा कशा दृष्टीने पाहते, यावर माझ्या मते तिची प्रत ठरते. एक शाळा असे मूल ‘सतत गैरहजर’ म्हणून नोंदविते, काही दिवसांनी त्याचे नाव व्यवहारातून पुसले जाते, आणि जानेवारीत ते परतले तर मागच्या बाकावर बसून इतरांच्या पुस्तकात डोकावते. मार्चपर्यंत त्याला स्वतःलाच पटते की शाळा आपल्यासाठी नाही. दुसरी शाळा दिवाळीपूर्वीच पालकांना विचारते की कोण किती दिवस राहणार, गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तेवढे दिवस बसता येईल काय, परत आल्यावर बुडालेला भाग कोण आणि केव्हा करून घेणार. दोन्ही शाळांना इमारत सारखी, पुस्तके सारखी, पगार सारखे. तपासणीच्या तक्त्यात दोघींचे गुणही कदाचित सारखेच भरतील. दुसऱ्या शाळेजवळ अधिक असते ते एवढेच की तिला तिच्या मुलांचा ठावठिकाणा ठाऊक असतो. शिक्षण आणि संगोपन या दोन स्वतंत्र वस्तू असून पहिली झाल्यावर सवड असेल तर दुसरी द्यावी, असा जो समज पुष्कळ सुशिक्षितांच्याही मनात असतो, तो लिंबायतेत टिकत नाही; कारण मूल वर्गात आलेच नाही, आले तरी पेंगत बसले, किंवा भुकेले बसले, तर उत्तमातील उत्तम पाठही भिंतीलाच शिकविला जातो.

पेंगण्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. यंत्रमागावरची पाळी बहुधा बारा तासांची. बाप आठवडाभर दिवसपाळीला आणि पुढे रात्रपाळीला. एका खोलीचे घर, त्यात रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपणार, म्हणून दिवसा मुलांनी आवाज करावयाचा नाही. रात्री उशिरापर्यंत आईच्या मांडीवर साड्यांचे जॉबवर्क, म्हणजे धागे कापणे, खडे-टिकल्या चिकटविणे, लेस लावणे, आणि त्यात मुलांचे हात. नगावर मजुरी, तीही इतकी थोडी की दोन हात अधिक लागले तरच संध्याकाळचे काही भागते. घरबसल्या काम असल्यामुळे त्याला कोणी बालमजुरी म्हणत नाही. आई रागावत नाही, मारीत नाही, जवळ घेऊन बसते, आणि मूल रात्री अकराला झोपून सकाळच्या पाळीच्या शाळेला सात वाजता निघते. अशा मुलाने गृहपाठ केला नाही म्हणून त्याला वर्गाबाहेर उभे करणारा शिक्षक कदाचित आपल्या कर्तव्याला जागतही असेल, पण त्याला आपल्या कर्तव्याचा विषय कळलेला नाही. कायदाही येथे स्पष्ट आहे: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे, आणि सर्वांसमक्ष केलेला अपमान त्या व्याख्येबाहेर राहू नये.

पण मुलगी येतच नसेल तर? तिचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा, आई कारखान्यात अथवा दुसऱ्यांच्या घरी कामाला, मग सांभाळणार कोण? या प्रश्नाचे उत्तर शोधलेली माणसे आपल्याच शेजारची आहेत, याचा आपल्याला विसर पडला आहे. भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले, त्यांच्या कार्यात मराठी ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या, दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, आणि गुजराती-मराठी सहकार्याचे एवढे सुंदर उदाहरण शिक्षणाच्या क्षेत्रात पुन्हा झाले नाही. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीस आल्या. तेथे अनुताई वाघ त्यांच्या कामात आल्या. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम सुरू झाले. मॉन्टेसोरीची महाग साधने वारल्यांच्या पाड्यावर चालणार नाहीत म्हणून दगड, बिया, शिंपले यांची साधने त्यांनी केली. मूल बालवाडीत येत नाही असे दिसले तेव्हा बालवाडी मुलाच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरविली. आणि थोरली बहीण धाकट्यामुळे शाळेला मुकते हे ओळखून विकासवाडी या योजनेत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली. धाकटा पाळणाघरात, मधला बालवाडीत, थोरली वर्गात. मधल्या सुटीत तिने जाऊन भावाला पाहून यावे. बोर्डी आणि कोसबाड सुरतेपासून दूर नाहीत, आणि १९७५ पासून अंगणवाडीच्या रूपाने या कल्पनेचा काही अंश सरकारने देशभर नेलाही. परंतु अंगणवाडी एका खात्याची, शाळा दुसऱ्या खात्याची, एकीची वेळ निराळी, दुसरीची पाळी निराळी, अशी जी वाटणी झाली आहे तिच्यामुळे ताराबाईंच्या योजनेतले मर्मच हरवले. लिंबायतेत एखाद्या नव्या संगणककक्षापेक्षा शाळेच्या आवारात शाळेच्याच वेळेत चालणारे पाळणाघर अधिक मुली वर्गात आणील, याविषयी मला शंका नाही.

आता भाषेचा प्रश्न. संविधानाच्या ३५० अ या अनुच्छेदाने, जो १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आला, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले आहे, आणि सुरतेची मराठी शाळा ही त्या आश्वासनाची पूर्तता आहे. परंतु लिंबायतेतील पुष्कळ मुलांची घरची बोली अहिराणी असते, आणि पुस्तकातील मराठी त्यांना पहिल्या दिवशी परकीच वाटते. गंमत अशी की अहिराणीचे काही प्रत्यय आणि उच्चाराच्या लकबी गुजरातीला जवळच्या, त्यामुळे पुण्याच्या मुलापेक्षा अमळनेरच्या मुलाला गुजराती लवकर उमगते. त्यात हिंदी गल्लीतून येते, इंग्रजी पुस्तकातून. आणि २०२३ च्या कायद्याने गुजरातेतील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती हा विषय अनिवार्य झाला आहे. म्हणजे बोली एक, भाषा चार आणि लिप्या तीन. हा भार फार आहे अशी ओरड केली जाते. मला ती अर्धीच खरी वाटते. लहान मुलाला अनेक भाषांचे ओझे होत नाही. ओझे होते ते एकही भाषा पक्की नसताना दुसरीचे लेखन लादले जाते तेव्हा. गुजराती तर या मुलांनी उत्तम शिकावी. जेथे राहायचे, मत द्यायचे, दुकान चालवायचे, तेथली भाषा येऊ नये हे नुकसानच. पण पहिल्या वर्षी शिक्षकाने अहिराणीतल्या उत्तराला ‘अशुद्ध’ म्हणून गप्प केले तर मूल पुढच्या चारही भाषांत गप्प राहील. जो शिक्षक अहिराणीत ऐकतो, मराठीत वळवितो आणि मग गुजरातीकडे नेतो, तो खरा भाषाशिक्षक. असे शिक्षक आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेक स्वतः याच वस्त्यांतून शिकून वर आलेले आहेत.

१८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी नेमके हेच मागितले होते की प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना रीतसर शिक्षण द्यावे, लोकांत मिसळून त्यांच्या गरजा समजून घेणारी ती माणसे असावीत, आणि त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा. सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या या मागणीतील पगाराचा मुद्दा अजून शिळा झालेला नाही. गुजरातेत रिकाम्या जागा भरण्यासाठी अकरा महिन्यांच्या करारावर ‘ज्ञान सहायक’ नेमण्याची पद्धत २०२३ मध्ये आली. करारावरचा शिक्षक कमी निष्ठेचा असतो असे मी म्हणणार नाही. पण ज्याची स्वतःचीच नेमणूक पुढच्या जूनपर्यंतची नाही, त्याने दिवाळीनंतर न परतलेल्या मुलाच्या तीन वर्षांचा विचार करावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? मराठी माध्यमासाठी तर गुजरातेत पात्र उमेदवार मिळणेच अवघड. त्यामुळे एका शिक्षकाने दोन इयत्ता सांभाळण्याची पाळी येते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मात्र पहिली ते पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांखेरीज दुसऱ्या सरकारी कामास त्याला जुंपता येत नाही.

खानदेशात शिक्षकाच्या ममतेचे उदाहरण द्यायचे तर साने गुरुजींचे नाव आपोआप ओठांवर येते, आणि ते इतके आपोआप येते की त्यांनी प्रत्यक्ष काय केले याचा विचार कोणी करीत नाही. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालय त्यांच्याकडे होते. त्या छात्रालयात ते मुलांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे नीट करीत, आजाऱ्याजवळ बसत, आणि मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढीत. यातला भावनेचा भाग सोडून दिला तरी एक रोकडी गोष्ट उरते: ज्या शिक्षकाने मुलाची खोली झाडली त्याला मुलाची वस्तू ओळखता येते, कोणाकडे दुसरा सदरा नाही हे कळते, कोण रात्री रडतो हे कळते. ती माहिती होती, नुसता जिव्हाळा नव्हता. आजच्या पालिकाशाळेत छात्रालय नाही. पण शिक्षकाने वर्षातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन यावे, एवढा शिरस्ता पाडला तर त्या माहितीचा बराच भाग हाती येईल. कायद्याच्या चोविसाव्या कलमाने पालकांच्या नियमित भेटी घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविलेच आहे; त्या भेटी शाळेतच व्हाव्यात असे त्यात कोठे म्हटलेले नाही.

भोजनाविषयी थोडक्यात. तमिळनाडूच्या १९८२ च्या योजनेनंतर दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, गुजरातने मध्यान्ह भोजन सुरू केले. १५ ऑगस्ट १९९५ पासून ती योजना देशाची झाली, आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने कोरडा शिधा न देता शिजलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, पुढच्या तीन इयत्तांना ७०० आणि २० ग्रॅम, असे प्रमाण आहे. मोठ्या नगरांत हे अन्न मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गाडीने येते. स्वच्छतेच्या दृष्टीने ते सोयीचे, पण ज्वारीच्या भाकरीवर आणि मिरचीच्या ठेच्यावर वाढलेल्या जिभेला त्याची चव लागतेच असे नाही, आणि ताटात किती उरले हे पाहणारे माणूस शाळेत नसेल तर उष्मांकांचा हिशेब कागदावरच राहतो. पाहणारे कोण असावे? मुलांच्या आया. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लागते की नाही, पावसाळ्यात मीठी खाडी भरून आली की तळमजल्यावरच्या वर्गांचे काय होते, हेही अहवालापेक्षा त्याच अधिक नेमके सांगतील.

आता शिकण्याकडे. तिसरीच्या मुलाला दुसरीचा उतारा सलग वाचता येतो काय, एवढी एकच परीक्षा पालकाने घ्यावी. ती घ्यायला स्वतः पदवीधर असावे लागत नाही. अडखळत वाचणे आणि समजून वाचणे यांतील भेद निरक्षर आजीलाही कानाने कळतो. माधव चव्हाण यांनी फरिदा लांबे यांच्यासह मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून उभ्या केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून हीच साधी परीक्षा देशाच्या ग्रामीण भागात घेतली, आणि २०२४ च्या पाहणीत तिसरीच्या शंभरांपैकी जेमतेम २७ मुलांनाच तो उतारा वाचता आला. शहरातील वस्त्या त्या पाहणीत येत नाहीत, म्हणून लिंबायतचा आकडा यातून काढू नये. पण तेथल्या घरात बसून ही परीक्षा आज संध्याकाळी घेता येते. वाचता येत नसेल तर मुलाला मारू नये, शिक्षकाला जाऊन विचारावे. वाचन तिसरीपर्यंत बसले नाही तर पुढे गणितातील शाब्दिक उदाहरण, भूगोल, विज्ञान, सारेच बंद दारामागे राहते.

येथे खासगी इंग्रजी शाळांचा मोह आड येतो. लिंबायत, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यात लहान-मोठ्या अशा शाळा गल्लोगल्ली आहेत, आणि बाप ओव्हरटाइम करून त्यांची फी भरतो. खासगी शाळेत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखण्याची तरतूद आहे, तिचा लाभ जरूर घ्यावा. मुलाने इंग्रजी शिकू नये असे सांगण्याचा अधिकार, आपली मुले इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आम्हा लेखकमंडळींना तर मुळीच नाही. एवढेच पाहावे की ज्या शाळेत घालतो तेथील शिक्षिका स्वतः इंग्रजी बोलते काय, आणि मूल जे पाठ म्हणते त्याचा अर्थ त्याला सांगता येतो काय. दोन्हीचे उत्तर नाही असेल, तर त्या फीत काय विकत घेतले याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पालिकेच्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना एक अधिकार आहे आणि तो फारच थोडे वापरतात. कायद्याच्या एकविसाव्या कलमाने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असावी, तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. कागदावर समिती सगळीकडे असते. बैठकीच्या वहीवर सह्याही असतात. परंतु मागावरचा माणूस दुपारी तीनच्या बैठकीला येणार कसा? बैठक रविवारी अथवा पाळी सुटल्यावर ठेवावी, एवढी एक मागणी जरी लिंबायतच्या पालकांनी रेटली, तरी त्या वहीतल्या पुष्कळशा सह्या पहिल्यांदाच खऱ्या होतील. सुरतेत खानदेशी मंडळे पुष्कळ आहेत; गणपती मोठे होतात, शिवजयंती होते, समाजाची वधूवर संमेलने भरतात. या मंडळांनी यंदाच्या वर्गणीतला थोडा भाग आणि कार्यकर्त्यांचा थोडा वेळ नोव्हेंबर-डिसेंबर या दोन महिन्यांसाठी राखून ठेवावा, जवळच्या मराठी शाळेत जाऊन कोण परतले नाही याची यादी मागावी, आणि त्या घरांशी बोलावे. शिक्षकाने केलेल्या फोनपेक्षा गावच्या माणसाने केलेल्या फोनला उत्तर लवकर मिळते.

आणि ज्यांची मुले गावी अडकून उशिरा परततात, त्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे: शिक्षणहक्क कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे प्रवेशाची मुदत उलटून गेली या कारणास्तव सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलाला शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, चौदाव्या कलमाप्रमाणे जन्माचा दाखला नाही म्हणूनही नाकारू शकत नाही, आणि पाचव्या कलमाप्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी नव्या शाळेला मुलाला ताटकळत ठेवता येत नाही. मूल डिसेंबरात परतले तर डिसेंबरातच त्याला घेऊन शाळेत जा. जूनची वाट पाहू नका.